पवित्र भूमी आणि तिचे कारभारी

शेतजमीन पवित्र आहे का, आणि असेल तर तिच्या मालकाच्या हक्कांचे काय होते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत नेटाने मांडणारे लिबर्टी हाइड बेली (१८५८–१९५४) धर्मोपदेशक नव्हते. ते वनस्पतिशास्त्रज्ञ आणि न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाचे डीन होते. १९१५ मध्ये त्यांचे ‘द होली अर्थ’ हे छोटे पुस्तक निघाले. भूमी पवित्र आहे हे विधान मराठी वाचकाला नवे वाटणार नाही. सकाळी जमिनीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागण्याची रीत अजून कितीतरी घरांत आहे. बेलींनी त्या विधानातून जो हिशेब काढला तो मात्र नवा होता. जमीन पवित्र मानली की पूजा करून सुटका होत नाही, उलट कोणाला तरी उत्तर देण्याची जबाबदारी अंगावर येते, असे त्यांचे म्हणणे होते. हे त्यांना सुचले ते धर्मशास्त्राच्या अभ्यासातून नव्हे. बागा, शाळा आणि महाविद्यालयाचा कारभार यांत गेलेल्या आयुष्यातून.

बेलींचा जन्म १५ मार्च १८५८ रोजी मिशिगन राज्यात साउथ हेवनजवळच्या एका शेतावर झाला. मिशिगन सरोवराच्या काठचा हा मुलूख तेव्हा नुकताच जंगल तोडून वहितीखाली येत होता आणि पोटावाटोमी या मूळ रहिवासी लोकांची वस्ती आसपास होती. वडिलांची सफरचंदांची बाग होती आणि मुलगा लहान वयातच कलमे बांधायला शिकला. पाच वर्षांचा होण्याआधीच त्याची आई वारली. तिने लावलेल्या पिंकच्या फुलांची आठवण बेलींनी जन्मभर जपली आणि म्हातारपणी त्या फुलांवर एक पुस्तकही लिहिले. घर जुन्या प्युरिटन वळणाचे, बायबल वाचणारे होते. तशा घरात डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आले तेव्हा वडिलांनी ते आधी स्वतः चाळले. सगळे समजत नाही, पण लिहिणारा खरे सांगायचा प्रयत्न करतो आहे, तेव्हा वाच, असे ते मुलाला म्हणाले, अशी हकीकत बेलींच्या चरित्रात येते. पुढे बेलींना धर्म आणि उत्क्रांती यांच्यात भांडण लावावेसे कधी वाटले नाही, त्याचे मूळ या परवानगीत असावे.

लान्सिंगजवळच्या मिशिगन कृषी महाविद्यालयात विद्यार्थ्यांना रोज तीन तास अंगमेहनत सक्तीची होती. तिथे विल्यम बील यांच्या हाताखाली शिकून बेली १८८२ मध्ये पदवीधर झाले. थोडे दिवस त्यांनी वृत्तपत्रात काम केले आणि मग हार्वर्डला एसा ग्रे यांचे साहाय्यक म्हणून गेले. ग्रे हे त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ, डार्विनचे तिथले पहिले पुरस्कर्ते आणि श्रद्धावान ख्रिस्ती. सृष्टी हळूहळू घडली म्हणून ती कोणी घडवली नाही असे ठरत नाही, ही ग्रे यांची भूमिका होती. १८८५ मध्ये बेलींनी मिशिगनला उद्यानविद्येचे अध्यापकपद घेतले. हार्वर्डच्या वर्तुळात ही अधोगती मानली गेली, कारण भाजीपाला आणि फळबागा हे माळ्याचे काम, विद्वानाचे नव्हे, असा समज होता. वर्णव्यवस्था फक्त आपल्याकडेच असते असे नाही. बेलींनी हा भेद मानला नाही आणि १८८८ मध्ये ते कॉर्नेलला गेले तेही उद्यानविद्येचे प्राध्यापक म्हणूनच.

१८९३ च्या मंदीनंतर न्यूयॉर्क राज्यातली खेडी ओस पडू लागली आणि पोरे शहराकडे धावत होती. मुलांना शाळेतच शेतीची गोडी लावावी म्हणजे ती गावात टिकतील, या हेतूने पैसा उभा राहिला आणि काम कॉर्नेलकडे आले. बेलींनी पैसा घेतला, पण हेतू बदलला. मुलांना शेतकरी बनवणे हे शाळेचे काम नाही. डोळ्यांसमोर आहे ते पाहायला आणि त्याच्याविषयी आपुलकी बाळगायला शिकवणे हे आहे, अशी त्यांची धारणा होती. ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक आणि जॉन स्पेन्सर यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने शिक्षकांसाठी पत्रके निघू लागली. १८९६ मधल्या पहिल्या पत्रकाचा विषय होता, भोपळ्याचे रोप बीतून बाहेर कसे पडते. ओल्या मातीत बी उलते, कोवळे मूळ खाली जाते आणि मूळ व देठ जिथे जुळतात तिथे एक बारीक खुंटी तयार होते. ही खुंटी टरफलाचा खालचा काठ दाबून धरते. वरून वाकलेला देठ सरळ होऊ लागला की दोन्ही बीजदले टरफलातून ओढली जातात आणि टरफल मातीतच राहते. खुंटीची पकड सुटली तर रोप डोक्यावर टरफल घेऊनच वर येते. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मातीचे एक भांडे आणि आठवडाभराचा धीर पुरतो.

या पत्रकांचा धर्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. बेलींच्या दृष्टीने संबंध थेट होता. १९०३ चे ‘द नेचर-स्टडी आयडिया’ आणि १९०५ चे ‘द आउटलुक टू नेचर’ या पुस्तकांत त्यांनी निसर्गाकडे पाहण्याच्या वृत्तीला आध्यात्मिक शिस्तीचे स्थान दिले. मुलाने आधी पाहावे आणि अर्थ मागाहून लावावा, यावर त्यांचा भर होता. मुंगीकडून उद्योगीपणा आणि मधमाशीकडून काटकसर शिकवणारे गोड धडे त्यांना रुचत नसत. बोधासाठी वापरलेली मुंगी मुंगी राहत नाही. वस्तूला तिच्या स्वतःच्या अस्तित्वाचा मान देणे हीच बेलींच्या धर्मविचाराची पहिली पायरी आहे, आणि ती त्यांनी शाळेच्या वर्गात बांधली.

१९०३ मध्ये ते कॉर्नेलच्या कृषी विभागाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी, राज्यातल्या इतर काही शिक्षणसंस्थांचा विरोध पत्करून, त्यांनी विधिमंडळाकडून २,५०,००० डॉलरची तरतूद आणि ‘न्यूयॉर्क राज्य कृषी महाविद्यालय’ हा दर्जा मिळवला. या कामी त्यांच्यामागे शेतकऱ्यांच्या संघटना उभ्या होत्या. सभागृहात बोलण्यापेक्षा मतदारसंघातून येणाऱ्या पत्रांचा उपयोग जास्त होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. डीन म्हणून दहा वर्षांत त्यांनी मृदाशास्त्र, वनस्पतिरोग, ग्रामीण अर्थशास्त्र असे विभाग वाढवले. शेतकऱ्यांच्या बायकांसाठी मार्था व्हॅन रेन्सेलर यांनी सुरू केलेला वाचनवर्ग गृहशास्त्राच्या विभागापर्यंत नेला. १९११ मध्ये रेन्सेलर आणि फ्लोरा रोझ यांना पूर्ण प्राध्यापकपद देण्याचा प्रश्न आला तेव्हा विद्यापीठाच्या अध्यापकमंडळाने, स्त्रियांना प्राध्यापक नेमणे सर्वसाधारणपणे पसंत नाही, पण गृहशास्त्रापुरती हरकत घेणार नाही, असा ठराव केला. कॉर्नेलमध्ये स्त्रियांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते या नाखूश ठरावातून. बेलींनी शब्दांवर वाद घातला नाही, नेमणुका पदरात पाडून घेतल्या.

१९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामजीवन आयोग नेमला आणि अध्यक्षपद बेलींना दिले. गिफर्ड पिंशो, वॉल्टर हाइन्स पेज, केनियन बटरफील्ड, हेन्री वॉलेस हे सदस्य होते. साडेपाच लाख प्रश्नावल्या वाटल्या गेल्या, लाखावर उत्तरे आली आणि देशभर सुनावण्या झाल्या. फेब्रुवारी १९०९ मध्ये अहवाल संसदेपुढे गेला आणि छपाईसाठी मागितलेले २५,००० डॉलर संसदेने नाकारले. रस्ते, टपाल, आरोग्य, शेतकरी स्त्रीचे कष्ट, जमिनीचा कस अशा विषयांबरोबर या सरकारी अहवालात खेड्यातल्या चर्चचाही विचार आहे. एका गावात चार पंथांची चार अर्धपोटी चर्चे आणि प्रत्येकाचा पाद्री वर्षा-दोन वर्षांत शहराची वाट धरणारा, अशी स्थिती ठिकठिकाणी होती. आयोगाची अपेक्षा होती की पाद्र्याने गावात घर करावे आणि जमिनीचे प्रश्न आपल्या कामाचा भाग मानावेत. सरकारी आयोगाने धर्मसंस्थेला मातीकडे बघायला सांगावे, हा प्रकार विरळाच.

बेलींनी तरुणपणीच आयुष्याचे तीन भाग पाडले होते. २५ वर्षे तयारीची, २५ वर्षे नोकरी आणि सेवेची, २५ वर्षे मनाला येईल ते करण्याची. त्याप्रमाणे १९१३ मध्ये, कारकीर्द ऐन भरात असताना, ५५ व्या वर्षी त्यांनी डीनपद सोडले. आपल्या आश्रमव्यवस्थेची आठवण होईल, पण बेलींच्या तिसऱ्या भागात वनात जायचे ते वनस्पती गोळा करायला. १९१४ मध्ये व्याख्यानांसाठी ते न्यूझीलंडला गेले आणि त्या लांबच्या समुद्रप्रवासात ‘द होली अर्थ’ लिहिले. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा युरोपात महायुद्ध पेटले होते.

पुस्तकाचा युक्तिवाद साधा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात ईश्वराने सृष्टी निर्माण केली आणि ती चांगली आहे असे पाहिले. मग पृथ्वी म्हणजे आत्म्याची परीक्षा घेणारी तात्पुरती धर्मशाळा, खरे घर पलीकडे, ही शिकवण कुठून आली? ती बेलींना मान्य नाही. पृथ्वी चांगली आहे, पोसणारी आहे आणि माणसाने ती बनवलेली नाही. आपण न बनवलेली वस्तू आपल्याला फक्त वापरायला मिळालेली असते. तिच्यावर निरंकुश हक्क सांगता येत नाही. पावित्र्य याचा अर्थ इतकाच. तिला हात लावू नये असे बेली म्हणत नाहीत. शेतकऱ्याने नांगरू नये, लाकूड तोडू नये, असे सांगणारी पवित्रता त्यांच्या उपयोगाची नव्हती, कारण ज्या महाविद्यालयाचे ते प्रमुख होते त्याचे कामच नांगरणे शिकवण्याचे होते. वापर करा, पण पुढच्याला देताना कस कमी झालेला नको, अशी ही मर्यादा आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातच माणसाला सगळ्या जीवांवर सत्ता दिल्याचे वचन आहे आणि विध्वंसाच्या समर्थनार्थ तेच पुढे केले जाई. बेलींनी ते टाळले नाही. सत्ता दिली हे मान्य, पण सत्ता म्हणजे मालकी नव्हे. राज्यकर्ता राज्य विकून खात नाही. आजवर ही सत्ता बाजाराच्या नियमाने चालवली गेली, ती नीतीच्या नियमाखाली आणायची आहे, हे त्यांचे मुख्य सांगणे. यातून शेतकऱ्याची एक नवी व्याख्या निघते. तो समाजाच्या वतीने जमीन सांभाळणारा प्रतिनिधी आहे. त्याने पीक चांगले काढले आणि बांध वाहून जाऊ दिला, तर तो नालायक शेतकरी आहेच, शिवाय त्याने विश्वासघातही केला आहे. उलट बाजूने समाजावरही बोजा येतो. प्रतिनिधीला उपाशी ठेवून जमीन नीट राखायला सांगता येत नाही. हा दुसरा भाग बेलींच्या नंतर आलेल्या अनेक पर्यावरणवाद्यांच्या लक्षात राहिलेला दिसत नाही.

इथवरचा विचार ईश्वराच्या देणगीवर उभा आहे. पण पुस्तकात दुसरी वाटही आहे आणि ती डार्विनकडून येते. सगळे जीव एकाच वंशातले आहेत, म्हणून माणूस त्यांचा भाऊबंद आहे. सृष्टी एकट्या माणसासाठी नाही. तिचा केंद्रबिंदू जीवन आहे, मनुष्य नाही. १९१५ मध्ये हे म्हणणे धाडसाचे होते. याच आधारावर बेलींनी युद्धाचे समर्थन खोडून काढले. बलवानाने दुर्बलाला चिरडणे हा निसर्गाचाच नियम आहे, असे तेव्हा विद्वान मंडळीही म्हणत. बेलींचे उत्तर असे की जीवनसंघर्ष म्हणजे मुख्यतः परिस्थितीशी जुळवून घेणे आणि एकमेकांवर अवलंबून असणे. सैन्ये उभारून केलेल्या कत्तलीला जीवशास्त्रात आधार नाही. उत्क्रांती आयुष्यभर अभ्यासलेल्या माणसाने हे म्हणावे, याला वजन होते.

हे दोन मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात का, हा पुस्तकातला खरा तात्त्विक पेच आहे. देणगीच्या मार्गात माणूस विश्वस्त आहे, म्हणजे इतर जीवांपेक्षा वरचा. बंधुत्वाच्या मार्गात तो अनेकांतला एक आहे. विश्वस्ताला निर्णयाचा अधिकार असतो, भावाला नसतो. किडीने पीक खाल्ले तर विश्वस्त फवारणी करील. भाऊ काय करील? बेली दोन्ही भाषा आलटून पालटून वापरतात आणि त्यांच्यातला ताण त्यांना जाणवलेला दिसत नाही. कदाचित रोज कीड मारणाऱ्या आणि रोज रोप लावणाऱ्या माणसाला तो प्रश्न तितका भेडसावत नसावा. तरी तत्त्वज्ञान म्हणून ही उणीव आहे. देणगीच्या युक्तिवादात आणखी एक खाच आहे. आपण बनवले नाही यावरून आपले नाही इतके निघते. कोणाचे आहे ते निघत नाही. त्यासाठी दाता मानावा लागतो, आणि न मानणाऱ्याला बेलींकडे दुसरा मार्गच उरतो.

याहून मोठी अडचण मालकीची आहे. जमीन पवित्र म्हणून ती पूर्णपणे कोणाच्या खाजगी मालकीची असू शकत नाही, इथपर्यंत बेली येतात आणि थांबतात. अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्येच ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’त जमिनीच्या मोलावर कर बसवण्याचा उपाय मांडला होता. तसा नेमका उपाय ‘द होली अर्थ’मध्ये नाही. शेजाऱ्याला आणि शहरवासीयालाही जमिनीपर्यंत पोहोचता आले पाहिजे, वने आणि मोकळी राने सर्वांसाठी राखली पाहिजेत, असे त्यात आहे. पण सातबारा कोणाच्या नावे राहावा, याला बेली हात घालत नाहीत. सुधारणा माणसाच्या वृत्तीतून होईल, असा शिक्षकाचा विश्वास इथे दिसतो.

आणि ही जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न पुस्तकात जवळजवळ नाहीच. ज्या कॉर्नेलमध्ये बेलींची कारकीर्द घडली ते, कृषी महाविद्यालयांसाठी राज्यांना सरकारी जमीन देणाऱ्या १८६२ च्या मॉरिल कायद्यावर उभे होते. त्या कायद्याने न्यूयॉर्क राज्याला ९,८९,९२० एकरांची जमीनपत्रे मिळाली. एझ्रा कॉर्नेल यांनी त्यांतून विस्कॉन्सिनमधली सुमारे पाच लाख एकर पाइनची जंगले विद्यापीठासाठी राखली आणि भाव चढेपर्यंत थांबल्यामुळे विद्यापीठाला सुमारे ५० लाख डॉलर लाभले. ही जंगले तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांकडून करारांनी घेतलेली होती, आणि जमीन विकली न जाणारी, सांभाळायची वस्तू आहे ही कल्पना त्या लोकांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. पवित्र भूमीचा विचार मांडणाऱ्याच्या पगारात विकलेल्या जंगलाचा वाटा होता. याचा दोष एकट्या बेलींना देता येणार नाही, पण त्यांचे मौन डोळ्यांत भरते, कारण लहानपणी पोटावाटोमी लोक त्यांनी जवळून पाहिले होते.

पुस्तकातला रोजच्या जेवणावरचा भाग लहान असला तरी अजून ताजा आहे. अन्न कुठून आले हे न कळता ते डब्यातून ताटात येऊ लागले, की खाणाऱ्याचे जमिनीशी नाते तुटते आणि मग तिच्याविषयी कर्तव्य वाटायला आधारच राहत नाही. १९२२ च्या ‘द ॲपल-ट्री’ या पुस्तकात त्यांनी हेच सफरचंदाच्या निमित्ताने सांगितले. बाजार चार-दोन टिकाऊ, लाल, सारख्या आकाराच्या जाती मागतो आणि परसातल्या शेकडो जाती नाहीशा होतात. इतक्या जाती कशाला, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते की माणसे तऱ्हेतऱ्हेची असतात म्हणून. मात्र एकसारख्या, विक्रीयोग्य फळाचे शास्त्र शेतकऱ्याला शिकवण्यात कृषी महाविद्यालयांचाही हात होता. बेलींनी आपल्या या वारशाचा हिशेब उघडपणे कधी मांडला नाही.

उरलेली वर्षे त्यांनी वनस्पतींना दिली. लागवडीतल्या वाणासाठी आज जगभर वापरला जाणारा ‘कल्टिव्हार’ हा शब्द त्यांनी १९२३ मध्ये रूढ केला. १९३५ मध्ये आपला सव्वा लाखावर नमुन्यांचा वनस्पतिसंग्रह, ग्रंथालय आणि इमारतीसह, त्यांनी कॉर्नेलला देऊन टाकला. ताडवर्गीय झाडांच्या शोधात ते वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेत हिंडत राहिले. १९४८ मध्ये नव्वदाव्या वाढदिवसाच्या दिवशीही ते वेस्ट इंडीजमध्ये ताड शोधत होते, त्यामुळे कॉर्नेलला समारंभ पुढे ढकलावा लागला. २५ डिसेंबर १९५४ रोजी कॉर्नेलच्याच गावी, इथाका येथे, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९४९ मध्ये, वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांचे ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ निघाले आणि भूमीविषयीच्या नीतीची चर्चा त्या नावाशी जोडली गेली. लिओपोल्ड यांनी दात्याची भाषा जवळपास सोडून दिली आणि माणसाला जीवसमूहाचा साधा सभासद मानले. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या लेखात पर्यावरणाच्या संकटाचे मूळ बायबलमधल्या त्याच सत्तावचनात शोधले आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रात मोठा वाद उठला. उत्तरादाखल चर्च-संस्थांनी पुढे केलेली विश्वस्तपणाची कल्पना बेलींनी अर्धशतक आधी, तीच वचने घेऊन मांडली होती. २०१५ मध्ये ‘द होली अर्थ’ची शताब्दी आवृत्ती निघाली तेव्हा तिची प्रस्तावना वेंडेल बेरी या शेतकरी लेखकाने लिहिली. बेरी ख्रिस्ती परंपरेतून बोलतात, तर जीवकेंद्री नीतीचे अभ्यासक त्याच पुस्तकातला बंधुत्वाचा भाग उचलतात. एक बाजू त्यातून विश्वस्त घेते, दुसरी भाऊ घेते, आणि किडीच्या प्रश्नावर दोघींचे अजून जुळलेले नाही.